बागेवरचा वाडा

पहाटे साडेचारला गुलाबाच्या रानात आधी काटा लागतो, फूल नंतर दिसतं. साकुरीच्या शिवारात कपाळाला बॅटरी बांधलेल्या दोघी जणी आणि एक म्हातारबाबा एकेका सरीनं पुढं सरकत होते. कमरेला गोणीची झोळी. बोटभर देठ ठेवून फूल मोडायचं, झोळीत टाकायचं, पुढच्या झाडाला हात घालायचा. कात्री कुणाच्याच हातात नव्हती. मीही एकदा हात घातला आणि लगेच काढून घेतला. "पाव्हणं, तुम्ही आपले बांधावरच बरे," बाबा म्हणाले.

फूल अर्धं उमललेलं हवं. घट्ट कळी हारात बसत नाही, आणि पुरं उमललेलं फूल दुपारच्या आरतीपर्यंत पाकळ्या टाकतं. ऊन चढल्यावर तोडलेलं तर त्याच्याही आधी मान टाकतं. म्हणून ही पहाटेची घाई. झोळी भरली की फुलं ओल्या गोणपाटावर रिकामी करायची आणि मोजायची. गुलाब इथं शेकड्यावर जातो. मोजणाऱ्या बाईंची बोटं पाच-पाच फुलं एका झटक्यात बाजूला सारत होती आणि तोंडानं शेजारणीशी लग्नाच्या बस्त्याच्या गप्पा चालू होत्या. आकडा एकदाही चुकला नाही. मी मोजत होतो, माझा दोनदा चुकला.

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय 'शेजार' असा दिला तेव्हा पहिल्यांदा भुईकोट किल्ला आणि त्याच्या खंदकाकाठची वस्ती डोळ्यांसमोर आली होती. नगरच्या माणसाला काहीही विचारा, तो किल्ल्यापासून सुरुवात करतो. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण एसटीत शेजारी बसलेला अजून 'नगरला चाललो' असंच म्हणतो.) मग शिर्डीतली एक गल्ली आठवली. तिथं एका बाजूला साईबाबांच्या समाधी मंदिराची दगडी भिंत आहे आणि पलीकडे फुलांची दुकानं. ही दोघं शंभरएक वर्षांची शेजारी. मधल्या काही वर्षांत त्यांचं बोलणं बंद होतं. आणि ज्या जागेवर मंदिर उभं आहे तिथं त्याच्याही आधी फुलंच होती, असं शिर्डीचीच पोथी सांगते.

फेब्रुवारीतला एक गुरुवार धरून निघालो. नगर-मनमाड रस्त्याबद्दल काही लिहीत नाही. त्याच्यावर स्वतंत्र दिवाळी अंक निघेल.

आठ फुटांचं दुकान

दुकान चावडीच्या अंगाच्या गल्लीत आहे. रुंदी आठ फूट. पुढं उतरत्या फळीवर गुलाबाचे हार, शेवंतीचे हार, निशिगंधाच्या माळा, परडीत सुटी फुलं, मागं नारळाची रास, वर दोरीला टांगलेल्या जरीच्या चादरी. मालकांनी नाव छापू नका म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांना मालकच म्हणतो. वय पन्नाशीच्या आत. मराठी, हिंदी, गुजराती सफाईनं बोलतात आणि तेलुगूत 'या, या, चपला इथं ठेवा' एवढं असं म्हणतात की हैदराबादचा माणूस वळून बघतो. आंध्र-तेलंगणातून शिर्डीला येणारी गर्दी फार मोठी, त्यामुळं या गल्लीत पाचवी-सहावी शिकलेल्या पोरालाही तेलुगू आकडे येतात.

फ्लेक्सच्या बोर्डामागं जरा डोकावलं की मूळ घर दिसतं. माळवदाचं, पांढरीच्या जाड भिंतींचं. आतला सागवानी खांब हिरव्या ऑइलपेंटखाली बुजून गेलाय. दुकान म्हणजे या घराचा ओटा. ओट्याला आधी पत्रा आला, मग शटर आलं, मग फरशी. माळवदावर आता सिमेंटच्या दोन खोल्या आहेत, यात्रेकरूंना देण्यासाठी. शिर्डीतली जुनी घरं अशीच वाढली. पुढून दुकान, वरून लॉज, आणि मधल्या अंधाऱ्या भागात घरातली माणसं. मंदिराभोवतीची रचना बदलत गेली, अतिक्रमणं निघाली, रस्ते रुंद झाले, तशी कित्येक घरं पुसली गेली. काही मात्र राहिली ती बाबांशी असलेल्या नात्यामुळं. लक्ष्मीबाई शिंदे यांचं घर लोक आजही बघायला जातात. अखेरच्या घटकेला बाबांनी ज्यांच्या हातावर आधी पाच आणि मग चार असे नऊ रुपये ठेवले, त्या या लक्ष्मीबाई. चावडीजवळची अब्दुलबाबांची खोलीही अशीच उरली आहे.

मालकांची आई, वय विचारलं तर 'बांगलादेशाच्या लढाईत माझं लगीन झालं' असं सांगणारी, दुकानाच्या आतल्या उंबऱ्याशी बसून हार ओवत होती. हातभर लांबीची लोखंडी सुई, ओला केलेला दोरा. गुलाबाच्या हिरव्या बुडख्यातून सुई आरपार घालायची. चार गुलाब झाले की एक शेवंती, मग तुळशीचा तुरा. खाली गोंडा. सुई बुडख्यात जरा वर घुसली तर पाकळ्या सुटतात, जरा खाली घुसली तर फूल दोऱ्यावर फिरतं. तिचं लक्ष माझ्याकडं होतं, हातांकडं नव्हतंच.

"पयलं सासूबाई पाटीत फुलं घेऊन ओट्यावर बसायच्या," ती म्हणाली. "गुलाब नव्हता इतका. झेंडू, शेवंती, आन् रानातली कण्हेर."

झेंडू. हा शब्द ऐकला आणि मला पोथी आठवली.

कच्च्या घागरी

गोविंद रघुनाथ दाभोलकर, म्हणजे हेमाडपंत, यांच्या 'श्रीसाईसच्चरिता'त बाबांच्या सुरुवातीच्या दिवसांची एक हकिकत आहे. या फकिरानं राहात्याहून झेंडू, जाई आणि जुईची रोपं आणली. जमीन साफ केली, रोपं लावली आणि स्वतः पाणी घालायला लागला. वामन तात्या नावाचा भक्त रोज मातीच्या दोन घागरी द्यायचा. भाजलेल्या नव्हेत, कच्च्या. विहिरीचं पाणी शेंदून, खांद्यावर वाहून, बाबा झाडांना घालायचे. संध्याकाळी घागरी निंबाखाली ठेवल्या की त्या फुटायच्या. दुसऱ्या दिवशी नव्या दोन. असं तीन वर्षं चाललं आणि तिथं फुलबाग झाली. पुणतांब्याच्या गंगागीर महाराजांनी बाबांना पाणी वाहताना पाहिलं आणि शिर्डी भाग्यवान आहे असं म्हटलं, असंही पोथीत येतं. जिथं ती बाग होती, तिथंच आजचं समाधी मंदिर उभं आहे.

भक्तीच्या भाषेत कच्च्या घागरीचे अर्थ अनेक निघतात आणि शिर्डीत ते काढणारेही अनेक भेटतात. मला त्यातली रोजची कसरत भावते. झाडाला पाणी घालणं हे कामच असं की आजचं आज करायचं, उद्याचं उद्या, साठवून काही ठेवायचं नाही. फुलाचा धंदा तसाच. मालकांच्या दुकानात रात्री अकराला जे उरतं त्याची सकाळी किंमत शून्य. नारळ आठ दिवस थांबतो, चादर वर्षभर थांबते, पेढे दोन दिवस थांबतात. फूल थांबत नाही. म्हणून दुकानात तोटा कशात, असं विचारलं तर ते हारांकडं बोट दाखवतात आणि गिऱ्हाईक कशानं येतं, असं विचारलं तरी हारांकडंच.

दुकानदारांची आठवणही पोथीत आहे, पण ती काही फारशी गौरवाची नाही. मशिदीत दिवे लावायला बाबा गावातल्या वाण्यांकडं तेल मागायचे. एकदा वाण्यांनी ठरवून नाही म्हटलं, तेल असून संपलं म्हणून सांगितलं. बाबांनी पाण्यावर दिवे लावले, ही ती प्रसिद्ध कथा. शिर्डीतला आजचा प्रत्येक दुकानदार ही कथा भाविकाला सांगतो. सांगताना आपण त्यातले वाणी आहोत, असं कुणालाच वाटत नाही.

दगडी वाडा

बाग कधी मोडली ते पोथी सांगत नाही. वाडे कसे उठले ते मात्र सांगते. बाबांकडं बाहेरगावची, शिकलीसवरलेली, सरकारी हुद्द्यावरची माणसं यायला लागली आणि गावात उतरायला जागा पुरेना. १९०८ च्या सुमारास डेप्युटी कलेक्टर हरी विनायक साठे यांनी निंबाच्या झाडाभोवती पहिला वाडा बांधला. मुंबईचे सॉलिसिटर हरी सीताराम उर्फ काकासाहेब दीक्षित यांनी डिसेंबर १९१० मध्ये दुसऱ्याचा पाया घातला, १९११ च्या रामनवमीला तो तयार होता. तिसरा वाडा नागपूरचे धनिक गोपाळराव उर्फ बापूसाहेब बुट्टी यांचा.

बुट्टी आणि माधवराव देशपांडे, म्हणजे शामा, हे दीक्षित वाड्यात झोपलेले असताना दोघांना एकाच वेळी एकच स्वप्न पडलं, की वाडा बांधा आणि त्यात देऊळ करा, अशी कथा आहे. स्वप्नाचं सोडा, बांधकामाची हकिकत मला जास्त रंजक वाटते. तळघर, तळमजला आणि विहीर हे काम शामानं पाहिलं. शामा गावातला शाळामास्तर. पुढचं काम बापूसाहेब जोगांनी पाहिलं, ते बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. म्हणजे सुरुवात हौशी माणसानं केली आणि शेवट जाणकारानं, जे आपल्याकडं सहसा उलटं होतं. लेंडीबागेकडं जाता-येता बाबा तिथं थांबायचे आणि इथं दार हवं, इथं खिडकी हवी अशा सूचना करायचे. दगडातलं काम म्हणून लोक त्याला दगडी वाडा म्हणत. मधल्या गाभाऱ्यात मुरलीधराची मूर्ती बसवायची असं बुट्टींच्या मनात होतं.

मुरलीधर बसलाच नाही. १५ ऑक्टोबर १९१८, मंगळवार, विजयादशमी. दुपारी अडीचच्या सुमारास मशिदीत बाबांनी देह ठेवला. आपल्याला वाड्यात न्या, असं त्यांनी सांगितल्याचं पोथीत आहे. पण गावात वाद झाला. काहींचं म्हणणं की फकिराला मोकळ्या जागेत दफन करावं, वर थडगं बांधावं. बाकीचे वाड्यावर ठाम. दुसऱ्या दिवसापर्यंत हा घोळ चालला. कोपरगावचे मामलेदार आले, चक्क मतं घेतली गेली, वाड्याच्या बाजूनं दुप्पट भरली, तरी मिटेना. प्रकरण नगरला कलेक्टरकडं न्यायचं ठरलं, काकासाहेब दीक्षित निघायच्या तयारीत होते. मग दुसरी बाजू राजी झाली आणि बुधवारी संध्याकाळी मुरलीधरासाठी ठेवलेल्या गाभाऱ्यात समाधी झाली. एका खासगी घराचं देऊळ झालं ते असं, मतदान घेऊन.

मुंबई इलाख्यात तो इन्फ्लुएन्झाच्या साथीचा ऑक्टोबर होता, आणि पाऊसही दगा देऊन गेला होता. त्या दोन दिवसांत वाड्यात फुलं कुठून आली असतील, हा प्रश्न मला शिर्डीत फिरताना सारखा पडत होता. दसऱ्याचा दिवस, म्हणजे झेंडू तरी घरोघर असणारच. आजही बाबांची पुण्यतिथी आणि दसऱ्याचा झेंडू एकाच दिवशी येतात. पंचांगानं या गल्लीतल्या दुकानदारांना दिलेली ही भेट आहे, आणि शिक्षाही, कारण त्या दिवशी झेंडू नगर तालुक्यातल्या अकोळनेरच्या मळ्यापासून मुंबईच्या दादरपर्यंत सगळ्यांनाच हवा असतो.

गळा आला, हार वाढला

१९२२ मध्ये नगरच्या जिल्हा न्यायालयानं घालून दिलेल्या योजनेनुसार संस्थानचा कारभार सुरू झाला. पुढची तीन दशकं समाधीवर बाबांची तसबीर होती. मग मुंबईचे शिल्पकार बाळाजी वसंत तालीम यांनी इटालियन संगमरवरात मूर्ती घडवली आणि ७ ऑक्टोबर १९५४ ला, पुन्हा दसऱ्यालाच, ती बसवली गेली. पाय पायावर टाकून बसलेली, आज जगभरच्या साईमंदिरांत जिच्या प्रतिकृती आहेत, ती ही मूर्ती.

माझा एक तर्क आहे, कुणी पंडितानं खोडून काढावा. समाधी असते तिथं चादर चढते. मूर्तीला गळा असतो, म्हणून हार आला. शिर्डीच्या ताटात आज दोन्ही असतात. दर्ग्यातली चादर आणि देवळातला हार शेजारीशेजारी टांगलेले महाराष्ट्रात फार थोड्या दुकानांत दिसतील. गुलाबाचंही तसंच. झेंडू, जाई, जुई ही देवळाची फुलं. गुलाब पिराच्या दारात जास्त शोभतो. इथल्या रामनवमीची मुळं उरुसातली आहेत. कोपरगावच्या गोपाळराव गुंडांच्या पुढाकारानं १८९७ मध्ये तो सुरू झाला आणि पुढं त्याला रामजन्माचा उत्सव जोडला गेला. संदल आणि रामजन्म एकाच दिवशी. अशा गावात गुलाबानं झेंडूला मागं सारलं तर त्यात नवल काय.

फुलाला पाणी लागतं, ते गोदावरीच्या कालव्यांनी दिलं. नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून निघणारा उजवा कालवा बाबांच्याच हयातीत आला आणि हा कोरडवाहू मुलूख उसाचा झाला, मग पेरूचा. राहात्याचा पेरू माहीत नसलेला मराठी माणूस विरळा. उसाच्या आणि पेरूच्या कडेकडेनं गुलाबाचे तुकडे आले. दहा गुंठे, वीस गुंठे. उसाचा पैसा दीड वर्षानं, पेरूचा हंगामात. गुलाबाचा रोज. किराणा, शाळेची रिक्षा, दवाखाना, या सगळ्याला रोजचा पैसा लागतो. म्हणून घरातल्या बाईचा हात गुलाबाच्या हिशोबावर असतो, हे मी साकुरीला आणि रुईला दोन्हीकडं पाहिलं.

आणि गर्दी? तिच्यासाठी शिर्डीतले जुने लोक एकच साल सांगतात, १९७७. त्या वर्षी 'शिर्डी के साईबाबा' हा सिनेमा आला आणि 'अमर अकबर अँथनी'तली साईंची कव्वालीही. मालकांची आई सांगते की त्या सालानंतर पाटी पुरेना, म्हणून फळी आली. दुकानाचा जन्म असा पडद्यावरून झालेला. पुढं साईनगर रेल्वे स्थानक आलं, २०१७ मध्ये काकडीला विमानतळ आला, आणि फळीवर शटर कायमचं वर राहायला लागलं.

गर्दीबरोबर आणखी एक जमात आली. शिर्डीत तिला पॉलिशवाले म्हणतात. गाडी गावात शिरली की हे मोटारसायकलवर आडवे येतात. पार्किंग दाखवतो, खोली देतो, दर्शन लवकर करून देतो. शेवटी ठरलेल्या दुकानात नेऊन सोडतात. तिथं ताट भरलं जातं. हार, चादर, नारळ, पेढे, उदबत्ती, वर एखादं यंत्र किंवा मूर्ती. भाव बोलायचा नसतो, परत आल्यावर द्या म्हणतात. परत आल्यावर दोनशेचं ताट दोन हजारांचं झालेलं असतं. पॉलिशवाल्याचा वाटा त्यातच. मालकांना विचारलं, तुम्ही ठेवता का पॉलिशवाला? ते थोडा वेळ गिऱ्हाइकाकडं बघत राहिले. "ठेवत नाही म्हटलं तर पटेल का तुम्हाला?" एवढंच म्हणाले. मी पुढं विचारलं नाही.

ही लूट इथं लिहितोय, कारण पुढं जे झालं त्याची एक मुळी हिच्यात आहे.

दार

१७ मार्च २०२० ला करोनामुळं मंदिर बंद झालं. त्याच वर्षी दिवाळीच्या पाडव्याला उघडलं, पण हार, फुलं, प्रसाद आत न्यायला बंदी घालून. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद, ७ ऑक्टोबरला घटस्थापनेला पुन्हा उघडलं. बंदी तशीच. सगळ्या देवळांनी साथीत हेच केलं होतं, त्यामुळं कुणाला वेगळं वाटलं नाही. मग साथ गेली, मुखपट्ट्या गेल्या, रांगा पहिल्यासारख्या झाल्या. फुलं बाहेरच राहिली.

कारणं होती, आणि ती सगळी खोटी नव्हती. समाधीसमोर फुलांचा चिखल व्हायचा, फरशी निसरडी, रांग अडायची. आणि ताटाच्या नावाखाली भक्तांची लूट होते, ही तक्रार तर मीच वर लिहिली आहे. बंदीची बाजू घेणारे गावातही होते. पण लूट करणारा आणि बंदीचा फटका बसणारा हे दोघे एक नव्हते. दोन हजारांच्या ताटात गुलाबाच्या शेतकऱ्याला शेकड्यामागं जे मिळायचं तेच मिळायचं. पॉलिशवाला खोल्यांकडं वळला. दुकानदारानं फुलांच्या फळीवर खेळणी, फोटोफ्रेम, ब्लँकेटं मांडली. गुलाबाला वळता येत नाही. एकदा लावलेली बाग काही वर्षं चालते, छाटणी-फवारणी बंद केली तरी ती फुलत राहते, आणि फुललेलं तोडलं नाही तर झाड बिघडतं. म्हणून लोकांनी काही दिवस फुलं तोडून बांधावर टाकली. मग बागांवर नांगर फिरवला.

ऑगस्ट २०२२ मध्ये शेतकरी आणि ग्रामस्थ फुलं घेऊन मंदिराकडं निघाले, सुरक्षारक्षकांशी झटापट झाली. शंभर वर्षांपूर्वी ज्या जागेवर बाबांना ठेवायचं की नाही यावरून गावात दोन तट पडले होते, तिथं आता फुलाला आत घ्यायचं की नाही यावरून पडले. तेव्हाही मामलेदार, आताही सरकारी अधिकारी. त्याच सुमारास उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं संस्थानचं विश्वस्त मंडळ बरखास्त केलं आणि कारभार जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या तदर्थ समितीकडं गेला. त्यामुळं हाराचा प्रश्नही कोर्टाच्या दारात जाऊन बसला. नोव्हेंबर २०२४ मध्ये खंडपीठानं परवानगी दिली आणि डिसेंबरपासून फुलं पुन्हा आत गेली. विक्री मात्र संस्थानच्या कर्मचाऱ्यांच्या सोसायटीमार्फत, ठरलेल्या दरानं.

मी गेलो तेव्हा ही व्यवस्था नवी होती. भाव लिहिलेला, घासाघीस नाही, पॉलिशवाला नाही. ग्राहक म्हणून मला ते आवडलं. मालकांच्या दुकानात परत आलो तेव्हा ते बोलायला नाखूश होते. आठ फुटांच्या दुकानाचं काय होणार, हा हिशोब त्यांना कुणी सांगितला नव्हता. साकुरीच्या बाबांचं मत वेगळं होतं. सोसायटी असो की दुकान, "फूल आत गेलं पायजे" एवढीच त्यांची मागणी. शेतकरी आणि दुकानदार झटापटीच्या दिवशी एका रांगेत होते. निकालानंतर दोघांच्या वाटा फुटलेल्या मला दिसल्या, आणि त्यात कुणाचंच चुकलेलं नाही.

लेख लिहायला बसलो आणि मे २०२५ मध्ये सीमेवरच्या तणावाच्या दिवसांत सुरक्षेसाठी हार-फुलं पुन्हा थांबवल्याची बातमी आली. मालकांना फोन केला. ते हसले. कसलं हसणं ते फोनवर कळलं नाही.

उतरलेलं फूल

वाहिलेल्या फुलाचं पुढं काय होतं, हे कुणी विचारत नाही. आपल्याकडं निर्माल्य म्हटलं की डोळ्यांपुढं नदी येते. शिर्डीत नदी नाही आणि फुलं तर ढिगानं. बंदीआधी उतरलेल्या फुलांपासून महिला बचत गटांकडून उदबत्त्या करून घेतल्या जायच्या. पाकळ्या निवडायच्या, वाळवायच्या, दळायच्या. दोरा काढणं हे सगळ्यात किचकट काम, असं एकीनं सांगितलं. म्हणजे एकीनं पहाटे ओवायचं आणि दुसरीनं चार दिवसांनी उसवायचं. आत जायचं फूल थांबलं तेव्हा त्यांचाही कच्चा माल थांबला. फुलाची साखळी केवढी लांब आहे ते ती तुटल्यावरच दिसतं.

मालकांच्या दुकानात गळालेल्या पाकळ्या वेगळ्या टोपलीत जातात. त्या फेकत नाहीत. कशासाठी, ते रात्री कळलं.

गुरुवार रात्र

दर गुरुवारी रात्री समाधी मंदिरातून पालखी निघते, द्वारकामाईला, म्हणजे बाबांच्या मशिदीत, जाते आणि तिथून चावडीत. बाबा एक रात्र मशिदीत आणि एक रात्र चावडीत झोपायचे. डिसेंबर १९०९ पासून भक्तांनी त्यांना वाजतगाजत चावडीत न्यायला सुरुवात केली. पोथीत या मिरवणुकीचं वर्णन भरभरून आहे. छत्र, चवऱ्या, गळ्यात हार, गुलाल. आज पालखीत बाबांची तसबीर असते.

मी नऊच्या सुमाराला दुकानात परत आलो. गल्ली भरली होती, पण दुकानापुढची गिऱ्हाइकं पांगली होती, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. मालकांनी फळीवरचे उरलेले हार उचलून आतल्या ओल्या कापडावर ठेवले. आई उंबऱ्यावरून उठून ओट्याच्या कडेला येऊन उभी राहिली, एका हातानं शटरची पट्टी धरून. दुसऱ्या हातात ती टोपली. सासूबाई पाटी घेऊन बसायच्या तीच ही कड असणार, फक्त तेव्हा फरशी नव्हती.

आधी बँडचा आवाज आला, मग चोपदार, मग झेंडे, मग गर्दीच्या डोक्यांवरून हलणारं छत्र. पोलीस दोरी धरून लोकांना मागं सारत होते. पालखी ओट्यासमोर आली तेव्हा तिनं मूठ भरून पाकळ्या टाकल्या. पुन्हा एक मूठ. तिसरी मूठ पालखी पुढं गेल्यावर पडली, ती मागून चाललेल्या एका तेलुगू कुटुंबाच्या डोक्यावर. त्यांच्यातल्या बाईनं केसातली पाकळी काढून डोळ्यांना लावली आणि पदराच्या टोकाला बांधली.

दहा मिनिटांत झाडूवाल्या आल्या. खराट्यानं पाकळ्या, बाटल्या, प्रसादाचे द्रोण एकत्र गोळा झाले. मालक बोलले, "उद्या शुक्रवार. शंभरच गुलाब सांगितलेत." आईनं रिकामी टोपली पालथी करून झटकली, सुई दोऱ्याच्या रिळात खोचली आणि आत गेली. मी शटर ओढायला हात लावला. ते अर्ध्यावर अडकलं. "खाली दगड आहे," मालक म्हणाले, "जुन्या ओट्याचा. फरशीवाल्यानं काढलाच नाही तो." त्यांनी पायानं शटर थोडं बाहेर ढकललं, मग ते खाली आलं.